ढेकर देऊ नका

ओगाच्या बंदरात, मासळीच्या लिलावघरामागे,
वर्षातून एकदा आमची बस उभी राहते.
बाहेरून निळी, आत क्ष-किरणांचं यंत्र
आणि माणसाला उलटंपालटं करणारं एक टेबल.
अकरा वर्षं मी त्यात एकच वाक्य म्हणतोय:
ढेकर देऊ नका.

आधी फसफसणारी पूड, घोटभर पाण्यासोबत.
पोट फुगलं पाहिजे, नाहीतर घड्या उलगडत नाहीत,
आणि दुखणं घड्यांमध्येच दडून बसतं.
मग पेलाभर बेरियम, खडू कालवल्यासारखं,
वर स्ट्रॉबेरीचा वास, जो कुणालाच फसवत नाही.
डावीकडे वळा. पालथे व्हा. दांडी घट्ट धरा.
डोकं खाली जाईल, घाबरू नका.
ढेकर देऊ नका.

तोयोएबाईंनी दिला.
चौऱ्याहत्तर वर्षांच्या, मासे खारवण्यात जन्म गेलेला,
टेबलावर आडव्या असताना असा दिला
की बाहेर रांगेतले कोळी पोट धरून हसले.
"माफ करा," म्हणाल्या, "नवऱ्यासमोर कधी दिला नव्हता.
चाळीस वर्षांचा साठला असेल."
पुन्हा पूड. पुन्हा घोट.

पडद्यावर त्यांचं पोट आलं,
पांढरी पखाल, जराशी कलंडलेली.
आणि खालच्या वळणावर एक ठिपका,
बेरियम तिथे साचून राहिलेलं,
ओहोटीनंतर वाळूतल्या पावलात पाणी उरावं तसं.
मी काही बोललो नाही. तो माझा अधिकार नाही.
एवढंच म्हणालो, श्वास रोखा.

पुढचं सगळं मला वर्षाने कळलं, त्यांच्याच तोंडून.

गावात बोललं जायचं, तोयोएचं पोट मोठं.
नवऱ्याचं पिणं तिने पोटात घातलं, दिराचं कर्ज पोटात घातलं,
पोटच्या पोराचं तोक्योहून एक ओळ न लिहिणंही.
तेच आता आत कुरतडत असणार.
डॉक्टर मोगामी चष्मा पुसत म्हणाल्या,
"नुसत्या दुःखाने व्रण पडत नाही, बाई.
गुडघ्यांसाठी काय घेता?"
रोज दोन गोळ्या, सहा वर्षं, बऱ्याचदा उपाशीपोटी.
"त्या आजपासून बंद."

घसा बधिर करून दुर्बीण उतरवली,
चिमट्याने तांदळाच्या कणीएवढा तुकडा घेतला.
कर्करोग नव्हता.
जंतू होता, मळसूत्रासारखा पीळ घेतलेला,
आम्लातही घर करून राहणारा.
"लहानपणीच आला असेल. विहिरीच्या पाण्यातून,
किंवा आई घास चावून भरवत असेल, तर तिच्या तोंडातून."

तोयोएबाई बराच वेळ गप्प.
आई गेली तेव्हा त्या सहा वर्षांच्या. फोटोसुद्धा नाही.
"म्हणजे तिचं एवढंच माझ्यापाशी होतं?"
"असू शकेल," डॉक्टर म्हणाल्या. "आणि आता ते मारायचं."

सात दिवस, सकाळ-संध्याकाळ,
दोन प्रतिजैविकं आणि आम्ल आवरणारी एक गोळी.
तोंडात गंजलेल्या खिळ्याची चव. तिसऱ्या दिवशी जुलाब.
सोडावंसं वाटलं, सोडलं नाही.
"अर्धवट मारलेला जंतू शहाणा होतो म्हणे," त्या म्हणाल्या,
"माझ्या दिरासारखा."
दोन महिन्यांनी पिशवीत फुंकर, एक गोळी,
वीस मिनिटं भिंतीवरचं घड्याळ,
मग दुसऱ्या पिशवीत फुंकर.
दोन श्वासांमधला फरक मोजतात.
फरक नव्हता.

त्यांची तपासणी आता दरवर्षी दुर्बिणीनेच,
आमच्या बसमध्ये त्यांचं काहीच काम नाही.
तरी आल्या, धुरावलेल्या मुळ्याच्या लोणच्याची बरणी घेऊन:
"मला मीठ कमी सांगितलंय. तू तरुण आहेस, तू खा."
बसच्या पायरीवर बसून माझ्या थर्मासमधला चहा प्यायल्या,
समुद्राकडे बघत राहिल्या,
आणि दिला एक,
सावकाश, कुणाची माफी न मागता.

मी नियमाचा माणूस.
आतून पुढचा कोळी विचारत होता,
डोकं कुठल्या बाजूला ठेवू?