फक्त भिंत

पहिल्याच दिवशी जगदाळे सर म्हणाले होते,
मधे बघायचं नाही. कडेला बघायचं.
मधलं काम मशीनचं.
ते फोटोचा आकडा करून ठेवतं, हातभर लांब,
तो फोटो पुन्हा कुठे उगवला की आकडाच ओरडतो,
कुणाला डोळे खर्ची घालावे लागत नाहीत.

हा नवा होता. याला अजून आकडा नव्हता.

म्हणून शिवाजीनगरला, दुसऱ्या मजल्यावर,
मधला भाग काळ्या चौकोनाने झाकून
चार दिवस मी एक भिंत बघितली.
पोपटी. उजव्या कोपऱ्यात ओल.
बोर्डावरचं एक बटण पिवळं पडलेलं.
खिळ्याला पतसंस्थेचं कॅलेंडर, नाव अर्धंच: नाथ नागरी.
खाली भरून ठेवलेली पिंपं, घागर,
कुकरचं भांडंसुद्धा.

कुकरच्या भांड्यात कोण पाणी भरून ठेवतं?
आम्ही, तांबोळी म्हणाला. बुधवारी रात्री.
गुरुवारी पाणी नसतं ना, मॅडम.

एवढ्यावर आम्ही शहर धरलं.
मग नाथ शोधले. किती निघाले!
धायरीपासून लोहगावपर्यंत
प्रत्येक गावठाणाला आपापला राखणदार,
प्रत्येकाच्या नावाने एक पतसंस्था,
आणि कॅलेंडरं फुकट.
शेवटी मीटरचं रीडिंग घेणारा एक पोरगा म्हणाला,
पोपटी खोली? जिन्याखालची?
बघितलीय की.

त्याला नेलं तेव्हा मी जिन्यात होते, साध्या कपड्यांत.
तो माझ्या अंगावरून गेला, पायात चप्पल नव्हती.
मग बालकल्याणच्या बाईंचा हात धरून ती आली.
मी तिला ओळखलं नाही.
कशी ओळखणार,
दार मात्र उघडं होतं, आणि आत ते पिवळं बटण.

गाडीत बराच वेळ ती खिडकीची काच
वरखाली करत राहिली.
मग विचारलं,
तुम्ही पण बघितलं?

नाही गं, मी म्हटलं. मी फक्त भिंत बघितली.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं,
खोटं बोलणारी माणसं पारखून झाल्यासारखं.
मग म्हणाली,
त्या भिंतीला ओल आहे.
हो, म्हटलं. उजवीकडे.
हो, ती म्हणाली. उजवीकडे.

संध्याकाळी त्या फोटोला आकडा मिळाला.
तांबोळीने चहा आणला, तो तसाच निवला.
बुधवार होता.
घरी जाऊन पिंप भरायचं होतं.