तिसरी रेघ

सकाळी सातला वच्छलाताई गेडामचा फोन :
"काहो भाऊ, शून्य किलोचं लेकरू
कुठी पायलं तुमी?"

मी आर्णीच्या खोलीत, तोंडात ब्रश.
रिद्धांश आत्राम, वय पावणेदोन वर्षं,
त्याच्या नावापुढे माझ्या ॲपनं लाल टिंब लावलेलं,
वजन शून्य,
आणि प्रकल्पाच्या ऑफिसातून जीप निघालीसुद्धा.

लेकरू मामाच्या गावी गेलेलं, माहूरकडे.
म्हणून ताईंनी रकाना कोरा ठेवला.
त्यांच्या वहीत कोऱ्याचा अर्थ :
आलं नाही, येईल.

मी प्रोग्रामात दोनच रेघा ओढल्या होत्या.
दोन रेघांचं बरोबर मोठं मनमिळाऊ,
सोयरीक जमवणाऱ्या मध्यस्थासारखं.
याचा सदरा जरा खाली ओढ, त्याची टोपी जरा सरळ कर,
म्हणते, बसते ना, बसवून घेऊ.
त्यानं कोऱ्याला विचारलं, तू शून्य का?
कोरं गप्प.
मध्यस्थ आम्हाला म्हणाला, हाव म्हणते.

मग मी एकेकाला समोर उभं केलं.
कोरं आणि शून्य? हाव.
शून्य आणि अवतरणात लिहिलेलं शून्य? हाव.
कोरं आणि ते लिहिलेलं? नाही.
दोघंही एकाचेच सोयरे, आपसात ओळख नाही.
माझ्या दोन आत्या अशाच.
आजोबांच्या तेरवीलाही
एका पंगतीत बसल्या नाहीत.

गाडी काढली. जवळ्याच्या पुढं रस्ता नाही, गिट्टी आहे.
खैरगावच्या अंगणवाडीच्या ओट्यावर
लॅपटॉप मांडीवर घेतला, तिसरी रेघ ओढली.
तीन रेघांचं बरोबर कोणाची भीड धरत नाही.
सदरा ओढत नाही, टोपी हलवत नाही.
पुस्तकात लिहिलंय, ते आधी प्रकार पाहतं.
यवतमाळच्या क्लासमधले सर सोपं करून सांगायचे,
"आधी जात विचारा, मग किंमत."
तेव्हा मागच्या बाकावरचे आम्ही तिघं
एकमेकांकडे पाहायचो नाही.
आज ओट्यावर तेच वाक्य
बोटांत येऊन थांबलं थोडा वेळ.

दुपारी अडतीसच्या अडतीस पोरं लाल.
मागच्या महिन्याचं नऊ आकडा होतं,
या महिन्याचं नऊ फोनवरून अक्षर होऊन आलेलं.
नवाला नऊ जुळेना.
चूक रेघेची नव्हती.
दारातच सांगायचं होतं त्या अक्षराला,
बाबा, आधी आकडा हो, मग आत ये.
ते मीच कोणावर तरी सोडून दिलं होतं.

तेवढ्यात खिचडी उतरली.
पटावर अडतीस, त्यातलं एक मामाकडे,
ताटल्या चाळीस.
विटाभट्टीवरची तीन पोरं भिंतीला टेकून बसलेली,
त्यांचं नाव कोणत्याच रकान्यात नाही.
मी विचारलं नाही, ताईंनी सांगितलं नाही.
पळी दोन रेघांचीच होती.

काट्यापाशी मात्र तीच बाई वेगळी.
चप्पल काढ. हातातलं कडं काढ.
रडू दे त्याले, काटा थांबू दे, मंग वाच.
सरपंचाच्या नातवाची माय म्हणाली,
"लिवा ना दहा, दहाच असन."
ताईंनी नऊ किलो नऊशे लिहिलं
आणि पेनचं टोपण लावलं.

आठ दिवसांनी ताईंचा मेसेज,
सोबत काट्याचा हललेला फोटो :
रिद्धांश नऊ चारशे,
मामाकडं वाढलं पोट्टं.
खाली आणखी एक ओळ :
कोरं होतं तिथं लिवलं.