डोळा भरणे

चौकटी मोजणं माझं काम.
पाच लहान मिळून एक मोठी,
मोठ्या पाच म्हणजे एक सेकंद.

गुणवंता बिजवे, वय अडुसष्ट, शेंदुरजना घाट.
नर्सरीत कलमं बांधता बांधता पडले,
चाकू उघडाच होता, अंगठा फाटला.
आले होते जखमेसाठी.
टाके घालताना सिस्टरनं नाडी धरली
आणि घड्याळाकडं पाहतच राहिली.

मी छातीला जेल लावलं. कागद सरकू लागला.
एक ठोका. एक.
मग नुसती रेघ.
पंख्याच्या वाऱ्यानं कागद हलत होता, रेघ नाही.
ओठ न हलवता मोजल्या, वीस मोठ्या चौकटी.
तेवढ्यात ते म्हणाले,
"पोरी, लाइट गेली काय वं?"

गेली नव्हती.

मग एकदम सगळेच बोलू लागले,
एकशे पन्नास, एकशे सत्तर,
कुणाचा कुणाला मेळ नाही,
आणि थकून पुन्हा त्याच सपाट रेघेवर.

डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीवर चित्र काढलं:
उजव्या कप्प्याच्या माथ्याशी, वरची शीर मिळते तिथं
एक इवलीशी जागा. ठिणगी तिथून पडते.
ती विझत चाललीय.
बिजवे चित्र उलटं धरून पाहत होते.
"म्हंजे डोया मेला.
मंग दुसरा भरा."

चाळीस वर्षं तेच केलेलं.
जंभेरीच्या रोपाची साल उभी-आडवी चिरायची,
संत्र्याचा डोळा आत सरकवायचा,
प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. दिवसाला आठशे.

नागपूरला हृदयाच्या भिंतींचा नकाशा काढला, रंगीत.
जांभळं ते जितं. लाल तो वण.
लाल फार होतं.
कप्पे ताणून मोठे झालेले,
मांसाच्या जागी धागे धागे,
वीज अडते, वळसा घालते,
कधी वळशातच फिरत बसते.
डोळा एकटा आजारी नव्हता.
मोठे डॉक्टर मुलाला सांगत होते, हळू आवाजात,
म्हातारा कॉटवरून म्हणाला,
"डिंक्या व्हय बापा तो.
शेंडा वायला म्हून लोक शेंडा छाटते,
रोग तं सालीखाली रायते."

तरी यंत्र बसवलं, गळपट्टीच्या हाडाखाली,
काडेपेटीएवढं.

पौष सरताना परत आले माझ्या टेबलाशी,
वर्तमानपत्रात चार संत्री, मृगाची, अजून आंबट.
आता दिवसाला दोनशे डोळे.
उकिडवं बसवत नाही म्हणाले.
कागद सरकला.
दर ठोक्याआधी एक बारीक उभी रेघ.
त्यांनी चष्मा चढवला,
अंगठ्याचा पांढरा वण त्या रेघेवर टेकवला.
"हे चाकूची चीर व्हय?"
"हो."
"आन् धरला का नाई, ते कवा कयते?
आमी तं एकवीस दिवसानं पट्टी सोडतो.
हिरवा असला तं हाय."

मी मोजत होते. पाच. पाच. पाच.
पट्टीच्या शेवटाला दोन-तीन ठोके
न बोलावता आले, घाईघाईनं,
मग पुन्हा पाच.

तेवढा तुकडा कापून मी फाईलला लावला.
उरलेला त्यांनी मागून घेतला,
संत्र्यांच्या कागदात घडी घालून ठेवला,
आणि संत्री टेबलावरच राहिली.