आठ बाय चार

बाणेरच्या शोरूममध्ये विश्रामनं
किंमत विचारायच्या आधी खिशातून टेप काढला.
सेल्समन पोरगा पडद्यावर बोट फिरवत होता,
मागचा कॅमेरा, सहा एअरबॅगा, गार हवा मागच्या सीटलाही,
आणि हा उकिडवा बसून
हौदा मोजत होता.
लांबी पाच फूट, त्यातही अर्धा इंच खोटी.
चाकांच्या कुबडांमधून साडेतीन.
"प्लाय झोपत नाही हिच्यात," तो म्हणाला,
दवाखान्यातून बाहेर आल्यासारखा.

प्लाय आठ बाय चार.
सतरा वर्षं आमच्या घरात
सगळं ह्याच मापातून कापलं गेलं.
दिवाण, देव्हारा, ऋजुताचं टेबल.
भांडणसुद्धा आम्ही आधी मापून घेतो,
उरलेल्या तुकड्याचं काही होतंय का बघतो.

जुन्या टेम्पोत पुढे दोघांचीच जागा.
मी, विश्राम, माझ्या मांडीवर ऋजुता,
ती बारा वर्षांची होईपर्यंत.
आप्पा मागे.
सासवडच्या लग्नाला ते
गिऱ्हाइकाच्या नव्या सोफ्यावर बसून गेले,
प्लास्टिक न काढता,
दिवेघाटात एका हातानं फेटा धरून.

आप्पांचा गुडघा आता वाकत नाही.
शोरूमच्या गाडीत चढताना
दाराची मूठ, माझा खांदा, पुन्हा मूठ.
"पायरी वेगळी मिळते, चौदा हजार," पोरगा म्हणाला.
बाप-लेक एकदमच हसले.
चौदा हजारांत विश्राम
सागवानी जिना करून देईल, कठड्यासकट.

सोसायटीचे सेक्रेटरी कुंटे म्हणाले,
पांढरी पाटी असेल तर आत या,
पिवळी असेल तर रस्त्यावर लावा.
एजंट म्हणाला,
माल नेणार तर पिवळीच घ्या,
पांढरीवर कुणी अडवलं तर मला फोन करू नका.
रात्रभर मी जागीच.
आम्ही माल की माणसं,
हे इतकं सरळ
कुणी विचारलं नव्हतं आजवर.

चक्कर मारायला चांदणी चौकापर्यंत गेलो.
विश्राम गिअरशी जुळवून घेत होता,
आप्पा ब्रेक लागला की "हां" म्हणत होते.
ऋजुता मागे, एकटी, गप्प.
काच खाली. काच वर. काच खाली.
मी रागवायला वळले
आणि तोंड मिटलं.
पोरीला पहिल्यांदाच
स्वतःची खिडकी मिळाली होती.

वहीत मी रकाने पाडले होते,
हप्ता, डिझेल, विमा, टायर.
टेम्पोच्या पुढे सगळे आकडे लहान.
पिकअपच्या रकान्यात, सगळ्यात खाली,
मी "खिडकी" लिहिलं
आणि पुढे काहीच नाही.
बेरीज करताना ती ओळ धरली.

नवी परवडली नाहीच.
वाकडला चार वर्षं वापरलेली मिळाली,
राखाडी, डाव्या दारावर ओरखडा.
पाटी पिवळी.
रात्री ती कालव्याच्या कडेला उभी असते,
कुंट्यांच्या गॅलरीतून नीट दिसते.

कुबडांवर विश्रामनं
दोन आडवे ठोकळे बसवले. आता प्लाय झोपतो,
पाय बाहेर काढून.
तीन फूट बाहेर म्हणजे टोकाला लाल फडकं हवं.
मी कपाट धुंडाळलं.
लग्नातलं काही फाडलं नाही,
तेवढी मी हळवी नाही.
ऋजुताचा शाळेतला रेड हाऊसचा टी-शर्ट निघाला,
दोन वर्षांपूर्वीच आखूड झालेला.

भवानी पेठेतून बारा प्लाय भरून
नवले पुलाच्या उतारावर आलो
की मागचे कंटेनर लांबूनच डिपर देतात.
टी-शर्टची एक बाही सारखी हलत असते.
ऋजुता मान वळवून बघते,
आता बाई, मला लाज आणू नका, म्हणते,
आणि बघतच राहते.

आप्पा पुढे, पट्टा बांधून,
एसीची झडप हातानं झाकून.
वारज्याच्या पुढे कधीतरी म्हणतात,
"मागं वारा बरा लागायचा."