खंयचो विश्राम?

ठराव एकमताने झाला, तिथवर सोपं होतं:
बंदराकडे उतरणाऱ्या तिठ्याला नाव द्यायचं विश्रामचं.
ग्रामसेवकाने मला पत्र्याचं माप दिलं, चार बाय दीड,
निळ्यावर पांढरं, आडनावाला मध्ये जागा सोड.
मी ब्रश रॉकेलात बुडवत विचारलं,
‘खंयचो विश्राम?’
त्याने पेनाला टोपण लावलं.

आमच्याकडे या नावाने हाक मारली की तिघे वळतात,
चौथा वळत नाही, त्याला ऐकू कमी येतं.
आजा गेला की नातवाला त्याचंच नाव,
आणि आजे तर सगळ्याच घरांत गेलेले.

कुबलांचा विश्राम, तांडेल.
शिशाला चरबी लावून दोर पाण्यात सोडायचा,
वर आलेला गाळ जिभेवर ठेवून सांगायचा
कुठल्या गावासमोर आहोत ते. काळोखात. चूक नाही.
एका वादळातून अकरा माणसं परत आणली त्याने.
बाराव्याच्या घरी मासळीचा वाटा जात राहिला,
म्हातारपणी होडी विकली तरी, विकत घेऊन.

नाबरांचा विश्राम, डॉक्टर.
फुरसं चावलेल्यांची वही ठेवायचा:
नाव, वाडी, कुठला पाय, किती वाजता आणलं,
आणि शेवटचा रकाना, त्यात ‘चालत गेला’.
ज्यांचा रकाना कोरा आहे
त्यांची नावं त्याला वही न उघडता येत होती.

धुऱ्यांचा विश्राम नाटकात बाई व्हायचा.
पहाटे चारला मसणात मूल मांडीवर घेऊन बसला
की मागे चहाची टपरीसुद्धा बंद व्हायची.
उजाडल्यावर तोच जोताला, डोळ्यांत काजळ तसंच;
बैल ओळखायचे, शेजारच्या बांधावरची पोरं हसायची,
तीच पोरं, रात्री रडलेली.

आणि टेंबावरचा विश्राम, जिवंत, वय बावीस,
टेनिस बॉलचा यॉर्करवाला, तीन तालुक्यांत नाव.
तो सभेत उठून म्हणाला,
‘माजा नको हां, माका अजून खेळूचा आसा.’

मग भांडण रीतसर सुरू झालं.
नाबरांच्या पुतण्याचं पुण्याहून पत्र आलं, टाईप केलेलं.
तांडेलाची नात म्हणाली, आमच्याकडे कागद नाहीत,
अकरा घरं आहेत, जाऊन विचारा.
धुऱ्यांची बहीण काहीच बोलली नाही,
पिशवीतून केसांचा टोप काढून टेबलावर ठेवला,
आणि सभा संपल्यावर झटकून परत नेला.
मिंगेल म्हणाला, एक बोर्ड वरसून लावा, एक खालसून,
हयसून येतल्याक एक विश्राम, थयसून येतल्याक दुसरो.
हसले सगळे. ठराव पुढच्या महिन्यावर गेला,
पुढचा महिना निवडणुकीवर.

मला घाई होती, पत्र्याला गंज धरू लागला होता.
मी ‘विश्राम’ लिहिलं, जागा सोडली, ‘तिठा’ लिहिलं,
आणि मेस्त्रीच्या शिडीवरून खांबाला ठोकून आलो.
दुसऱ्या दिवशी बंदरावरून चढ चढून आलेल्या बायकांनी
पाट्या उतरवल्या, बोर्डाखाली बसल्या, पाय चोळले.
‘बरा क्येलास,’ एक म्हणाली, ‘हय बसाक जागा व्हयीच होती.’
मी काही बोललो नाही.
या नावाचा एकही माणूस दुपारी आडवा झालेला
मी तरी पाहिला नाही.

मधल्या जागेत आता खडूने कुणी कुणी लिहितं.
सोमवारी कुबल. मंगळवारी पुसून धुरी.
एकदा लहान पोराच्या अक्षरात, तिरकं, ‘माजो’.
कुणाच्या खांद्यावर चढून लिहिलं असेल, ते विचारलं नाही.

बिल मात्र कापलं ग्रामसेवकाने.
अक्षरामागे बारा रुपये ठरले होते,
कोऱ्या जागेचे कसले, म्हणाला.
मी वाद घातला नाही. पण लिहून ठेवतो:
निळा रंग तिथेही तेवढाच लागला.