येते म्हणावं

आपल्यात कुणी जाते म्हणत नाही.
पाय उंबऱ्याबाहेर पडला तरी तोंडात येतेच.
कन्नडातही तेच, बर्तीनि, येते.
बेळगावात दोन्ही भाषांचं कशावरून पटो न पटो,
निघताना दोघी सारखंच खोटं बोलतात.

फक्त दवाखान्यात नाही.

मायव्वा भरमा पाखरे वॉर्डच्या दारात
"येते हं सिस्टर" म्हणाली, आणि
शांतक्का आया खेकसली,
इथं येते म्हणतात काय गं, अवदसा आठवली?
मायव्वानं जीभ चावली. तिचं बघून
कडेवरच्या पोरीनं जीभ बाहेर काढली.
आम्ही सगळ्या हसलो.
मीही हसले. हे कुठंतरी लिहून ठेवलं पाहिजे.

अकरा महिन्यांची पोर. आली तेव्हा छातीचा भाता,
गेली, म्हणजे घरी गेली, तेव्हा पाच किलो नऊशे.
रजिस्टरात मी लिहिलं: सुधारणा. घरी पाठवले.
पुढं रकाना नाही.
खाली लगेच दुसऱ्या पोराचं नाव.

कागद दिला. वर इंग्रजी, खाली कन्नड,
मायव्वा मराठी शाळेत चौथीपर्यंत.
म्हणून तोंडी सांगितलं. चौदाव्या दिवशी दाखवायला आण.
श्वास वाढला, दूध सोडलं, पोर मलूल पडली,
तर त्याच्या आधी. त्याच रात्री.
ती हो हो म्हणत होती, डोळा घड्याळावर.
जांबोटीची गाडी पावणेचारला,
आणि फाट्यापासून पुढं दोन तास रान, अस्वलांचं.
घरी सुगी आलेली. सोळा दिवस बाई दवाखान्यात
म्हणजे सोळा दिवस एक विळा खुंटीला.

पावणेदोन महिन्यांनी आली. एकटी.
पिशवीतनं स्टीलची वाटी काढली,
बुडाला वॉर्डचा नंबर कोरलेली.
"चुकून आली होती बघा सामानात. सरकारी वस्तू."
मी विचारलं, पोर कुठाय?
तिनं वाटी पदरानं पुसली. पुसलेलीच होती.

"अकराव्या दिवशी. पहाटेला.
रात्रभर छाती उडत होती.
म्हटलं, दाखवायचं चौदाव्या दिवशी आहे.
तीनच दिवस राहिले होते."

कागदही आणला होता. प्लास्टिकात घालून
आढ्याला टांगलेला, उंदीर लागू नयेत म्हणून.
आमच्या हापिसात एवढा नीट ठेवलेला
एकही कागद नाही.

वॉर्डात ती मेली नाही. वॉर्डात ती बरी झाली.
माझ्या रजिस्टरात अजून सुधारणाच आहे,
खाली सही माझी.
निघताना मायव्वा दारात थांबली.
ना जाते म्हणाली, ना येते.

आता दारात मी उभी राहते.
म्हण येते. नीट म्हण, मला ऐकू येऊ दे.
शांतक्का तोंड फिरवते.
सासवा माझ्या नावानं बोटं मोडतात,
एकीनं तर तिथंच, माझ्या देखत,
पिशवीतलं मीठ काढून नातवावरून उतरवलं.
उतरवू दे.
चौदा हा आकडा मी आता शेवटी सांगते.
आधी मोठ्या अक्षरात, दोन्ही लिप्यांत: कधीही.
त्यानं काय होतं, ठाऊक नाही.
रात्री अकरानंतर त्या फाट्यावर
कधीही नावाची गाडी थांबत नाही.

काल सात नंबर खाटेवरची, हुक्केरीकडची लगमव्वा.
तिला मराठी येत नाही. माझ्या मोडक्या कन्नडात म्हटलं,
बर्तीनि अन्नु.
ती लाजली. काही बोलली नाही.
पोराचा हात धरून हलवला नुसता, टाटा करतात तसा.
खाली नवरा रिक्षा थांबवून ओरडत होता.

मग तिच्या पिशवीत, दुपट्याच्या घडीत,
मी वॉर्डची वाटी सरकवली. मुद्दाम.
सरकारी वस्तू. परत आणावी लागेल.

वाटी परत येते.
तेवढं मला माहीत आहे.