घडी

प्रणिताची बॅग मीच भरतो.
ती ड्युटीवरून आलेली असते, पाय कोमट पाण्याच्या बादलीत,
आणि तिथूनच हुकूम सोडते :
मोजे सहा. नको, आठ.

पंधरा दिवस तेलविहिरीच्या कॅम्पवर, पत्र्याच्या दवाखान्यात.
फाहाहीलपासून दोन तास डांबर,
त्यानंतरच्या वाटेला नाव नाही.

मार्च आहे.
मार्चात कुवेतची हवा कुणाच्या बापाचं ऐकत नाही.
सकाळी सुती पुरतं, दुपारी तेही अंगाला नकोसं,
दिवस कलला की असा वारा सुटतो की दात वाजावेत,
आणि रात्री कधीतरी, न विचारता,
आधी धूळ, मग वीज, मग लिंबाएवढ्या गारा.
याला इथे सरायात म्हणतात.
अँब्युलन्स चालवणारे बू मिशाल सांगतात,
रात्री प्रवास करते, म्हणून हे नाव.
म्हणजे माझ्यासारखीच, प्रणिता म्हणते
आणि बादलीत पाय हलवते.

तर, तळाला जाड स्वेटर.
बाहीला उसवला होता, मी शिवलाय; टाका लांबूनही दिसतो.
वर तीन पातळ सदरे.
कानटोपी. ती हसते. मी ठेवतो.
डोळ्यांचे थेंब, व्हॅसलीन, ओवा,
देवगडचा एक पंचा, ओला करून नाकातोंडावर बांधायला.
छत्री नको.
छत्रीचं काय होतं ते गेल्या वर्षी कळलं :
काड्या परत आल्या,
कापड सौदीला गेलं, व्हिसाशिवाय.

कोकमाचं आगळ मात्र हवंच.
बाटलीच्या तोंडाला प्लॅस्टिक, त्यावर रबर, त्यावर पुन्हा प्लॅस्टिक.
मागे एकदा सांडलं तिच्या पांढऱ्या कोटावर
तर दोन फोरमन स्ट्रेचर घेऊन धावले,
नर्सलाच लागलं म्हणून.

गावाहून फोन येतो, बसली का रे तिकडे घडी?
नऊ वर्षं झाली, अजून विचारतात.
बसते, मी म्हणतो.
पंधरा दिवसांनी मोडते, मग पुन्हा घालतो.
त्यांना वाटतं, मी विनोद करतोय.

ती गेली की मी दुकानात स्पार्क प्लग मोजतो
आणि आभाळ बघतो. आपल्या डोक्यावरचं नाही,
पश्चिमेकडचं.
ते तांबूस झालं की बोटं थांबतात.
गिऱ्हाईक विचारतं, कितीला?
आणि मी म्हणतो, आठ.

परवा ती परत आली.
नेहमीसारखी झोपली, चप्पल न काढता.
मी बॅग उपसली गॅलरीत, वाळू आधी झटकून.
सदरे मळलेले, पंचा तांबडा,
कानटोपी जशीच्या तशी, तेव्हा जिंकलो नाही.
स्वेटर धुतलेला, व्यवस्थित घडी घातलेला.

पण घडी माझी नव्हती.
मी बाह्या आत दुमडतो.
या पाठीवर घेतल्या होत्या, एकीवर एक,
हात मागे बांधून उभ्या राहिलेल्या पोरासारख्या.
तिची तर नाहीच. ती घडी घालत नाही, गुंडाळते.

आणि बाहीवर माझा टाका नव्हता.
तिथे दुसरा होता, बारीक, सरळ,
हात फिरवला तरच लागेल असा.

संध्याकाळी चहा पिताना ती म्हणाली,
दीपेंद्र. वेल्डर आहे, पाल्पाचा.
गारांत सापडला होता, रात्रभर कुडकुडत होता.
ठेव म्हटलं, तर ऐकेना.
धुऊन आणून दिला.
मग कपात बघत : तुझा टाका त्याला बघवला नसेल.

पुढच्या खेपेला स्वेटर दोन.
माझा निळाही घातलाय, तिला न विचारता,
बाह्या पाठीवर घेऊन. जमतं, थोडं तिरकं.
बॅग लागत नाहीये.
मी वर बसलोय,
ती चेन ओढतेय, आणि म्हणतेय,
जड झालास तू.